निळ्या पट्ट्याचं मडकं

वाल द फ्राइशु,
रविवार, १३ जानेवारी २०१९

चि. फिलिपा,

आजीचा आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल. गेला नसेल तर दोष कुइंब्राच्या त्या ओलसर खोलीचा, माझ्या प्रार्थनेचा नव्हे. ती मी रोज करते. इकडे सगळं ठीक. पाऊस चांगला झाला, विहिरीला पाणी आहे, कोंबड्या मात्र हट्टाला पेटल्यासारख्या अंडी देत नाहीत. भिंतीलगतच्या पांढऱ्या डब्यांत कोथिंबीर अशी माजली आहे की निम्मं गाव माझ्या दारावरून जाताना हात मारून जातं. डावा गुडघा माझ्याशी बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही.

अक्षर नेहमीप्रमाणे शेजारच्या झुल्मिराचं. तीस वर्षं टेलिफोनच्या खोलीत बसून हिने सगळ्या गावाचं बोलणं चोरून ऐकलं, म्हणून हिला पटापट लिहिता येतं. ती म्हणते, हे वाक्य मी लिहिणार नाही. मी म्हटलं, पत्र कोणाचं आहे?

आता मुद्द्यावर येते. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हापासून रागाने मला अन्न गोड लागत नाही. (झुल्मिरा म्हणते, काल दोन वाडगे सूप प्यायलीस. सूप म्हणजे जेवण नव्हे, हेही लिही.)

तू मागल्याच्या मागल्या नाताळात आलीस आणि स्वयंपाकघरातल्या निळ्या पट्ट्याच्या मडक्यातून दोन चमचे चरबी काचेच्या बाटलीत भरून नेलीस. बाटलीवर चिठ्ठी लावलीस: 'आजी'. मला बरं वाटलं होतं. आमच्या घराण्यातलं कोणी विद्यापीठात जाईल आणि तेही बाटलीत बसून, असं कोणाला वाटलं होतं? आणि आता तू सांगतेस की तुझ्या प्रयोगशाळेत तीन ताटल्या मांडल्या होत्या, तिन्हीत जिवंत स्नायूंच्या पेशी. एकीला दुकानातली चरबी दिली, एकीला ऑलिव्हचं तेल, एकीला मी. ऑलिव्हवाल्या धडधाकट राहिल्या. दुकानवाल्या आक्रसल्या. आणि माझ्याही आक्रसल्या, अगदी तितक्याच. तेव्हा तुझे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "फिलिपाच्या आजीने पेशी मारल्या."

आणि सगळे हसले. मी विचारलं, तू हसलीस का? तू म्हणालीस, थोडंसं.

पोरी, एक्याऐंशी वर्षांत मी कोंबड्या मारल्या, ससे मारले, डुकरं धरायला हात लावला, आणि तुझ्या आजोबांना मारावंसं अनेकदा वाटलं. पण पेशी मी मारल्या नाहीत. तुझ्या सरांना सांग, की ज्या वर्षी मी शाळेत बसायचं त्या वर्षी मी हातात लांब काठी घेऊन ओकच्या झाडांना झोडपत होते, खाली बोंडं पडावीत आणि मालकाची डुकरं जाड व्हावीत म्हणून. त्यामुळे मला माझं नाव वाचता येत नाही. पण डोळे मिटून चरबीत बोट घातलं तर डुक्कर कुठे चरलं ते सांगते. त्यांच्या यंत्राला येतं का?

तू मला समजावलेलं मी विसरलेली नाही. स्नायूच्या एकेका पेशीत घड्या घालायची खोली असते. तिथे प्रथिनं धुतलेल्या चादरींसारखी येतात आणि नीट घड्या होऊन कामाला जातात. चरबीत एक मेदाम्ल असतं सरळसोट, काठीसारखं. संपृक्त, असं तू म्हणालीस. ते लिहायचं कसं हे झुल्मिरा बघून घेईल. ते फार झालं की त्या खोलीच्या भिंतीत जाऊन सरपणासारखं रचून बसतं. भिंत आखडते. आत घड्या घालणाऱ्या बायांना हात हलवता येत नाही, चादरी चुरगळतात, ढीग लागतो, मग कोणीतरी घंटा वाजवतं. थोडा वेळ वाजली तर मदत येते. वाजतच राहिली तर पेशी साखरेचा निरोपही ऐकेनाशी होते, आणि शेवटी आपला दिवा आपणच मालवते. दुसरं मेदाम्ल, ऑलिव्हमधलं, ते मधोमध वाकलेलं, माझ्या गुडघ्यासारखं. त्याचं सरपण रचता येत नाही. ते ताठ भावाचा हात धरतं, त्याला कोठारात नेतं आणि थेंबाथेंबात बसवून ठेवतं, म्हणजे तो कोणाच्या वाटेत येत नाही. आणि तू म्हणालीस, "आजी, बोंडं खाल्लेल्या डुकराच्या चरबीत हे वाकलेलं जास्त असतं." मी म्हटलं होतं, एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला, बोट बुडव की.

तर हे तू तीन वर्षं सरांना सांगत आलीस, की बोंडावरच्या डुकराची चरबी पेशींना तेवढी छळणार नाही. आणि आता ते म्हणतात, तुझ्या आजीच्याच बाटलीने तुला खोटं पाडलं, हा भाग प्रबंधातून काढून टाक. नाहीतर फेब्रुवारी संपायच्या आत लेखी आण: डुक्कर कोणतं, खाल्लं काय, चरबी कधी कढवली. म्हणजे त्यांना माझ्यावर संशय. माझ्यावर.

ठीक आहे. झुल्मिरा, सुवाच्य अक्षरात लिही.

डुकरीण काळी होती, केस विरळ, पाय बारीक, उजवा कान कुत्र्याने फाडलेला. ऑक्टोबरपासून नाताळच्या पुढेपर्यंत ओढ्यापलीकडच्या ओकांखाली चरली. रोज मैलभर चालायची. बोंडाचं टरफल तोंडात सोलून थुंकायची, एखाद्या बाईसारखी. चरबी मी स्वतः कढवली, मंद आचेवर, लाकडी पळीने, त्यात तमालपत्र. हिवाळ्यातही ती मडक्यात थरथरायची. पावावर लावली तर स्वतःहून पसरायची.

झुल्मिरा विचारते, हे कोणत्या सालचं? मी म्हटलं, डुकराला कोणी साल विचारतं का? ती म्हणते, कान फाटलेली तुझी डुकरीण मला आठवते, पण तेव्हा माझा नवरा होता, आणि त्याला जाऊन... मी म्हटलं, तुला लिहायला बसवलंय की मोजायला?

तेव्हा हे सरांना दाखव. आणि त्यांना सांग, की ज्या मडक्याची चरबी झुल्मिरा दर नाताळात हक्काने नेते आणि लिस्बनच्या बहिणीला पाठवते, त्या मडक्यावर हसायचं काम नाही.

खाली शाईचा अंगठा आहे. झुल्मिराने नीट टेकवून घेतला आहे.

तुझी आजी,
फेलिज्मिना


वाल द फ्राइशु,
सोमवार, २१ जानेवारी २०१९

फिलिपा,

आज हवापाण्याचं काही सांगत नाही.

आधीचं पत्र याच पाकिटात आहे. ते गेलं नाही, कारण मीच जाऊ दिलं नाही. टपालवाली आली तेव्हा म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, "आजी, पाकीट मी नेणार, तुमचं डोकं नाही." तरी दिलं नाही. आता नवं लिहायचं म्हणून झुल्मिरा ते फाडायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे. पोरीला कळू दे की आजी किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलू शकते.

शनिवारी बेर्नार्दिनुकडे डुक्कर कापायचं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून ओक राहिलेत ते फक्त त्याच्याकडे. मला खुर्चीवर बसवून नेलं, चक्क ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एखाद्या संताच्या मूर्तीसारखं. दरवर्षी बोलावतो आणि दरवर्षी मी गुडघा पुढे करते. या वेळी गेले. बायकांनी आतडी धुतली, मला म्हातारी म्हणून चरबीच्या कढईपाशी बसवलं. कच्च्या चरबीचे तुकडे करायला हातात घेतले आणि ते बोटांवर वितळायला लागले. थंडीत, बाहेर अंगणात. माझ्या बोटांच्या उबेने.

फिलिपा, माझ्या बोटांना हे दहा वर्षं लागलं नव्हतं.

बेर्नार्दिनुची बायको म्हणाली, "काय झालं हो, भाजलं का?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

आता मी जे सांगणार आहे ते फोनवर सांगता आलं असतं, तुझ्या कानात, कोणाला न कळता. पण तुझ्या सरांना लेखी हवं. आणि मला लिहायचं तर झुल्मिराच्या हातून. गावातल्या सगळ्या बायकांत नेमकी झुल्मिरा. देवाला विनोद करायची सवय आहे, पण एवढी असू नये. लिही, झुल्मिरा.

कान फाटलेली डुकरीण शेवटची. ती दोन हजार आठच्या हिवाळ्यात गेली. पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडची जमीन त्या कंपनीने घेतली, ओक काढले, ऑलिव्हच्या रांगा लावल्या, शिपायांसारख्या, आणि तारेचं कुंपण घातलं. डुक्कर चारायचं कुठे? तारेच्या भोकातून? आणि माझा गुडघा. मी कोणाला म्हटलं नाही की आता आमच्याकडे चरबी होत नाही. मडकं रिकामं झालं आणि नाताळ आला. झुल्मिरा वाडगा घेऊन येणार, तुझी आई पाव भाजणार, आणि सगळे म्हणणार, फेलिज्मिनाची चरबी. मी मोरा शहरातल्या दुकानातून डबा आणला. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, आत पांढरी चरबी, घट्ट. रविवारी झुल्मिरा चर्चला गेली की मी ती गरम करायची, लसणाची पाकळी आणि तमालपत्र घालायची, आणि निळ्या पट्ट्याच्या मडक्यात ओतायची. मग मीही चर्चला जायची, उशिरा.

डब्यांत माती भरली. भिंतीलगत आहेत, एकवीस. त्यांत काय पिकतं ते तुला माहीत आहे.

इथे झुल्मिराने पेन खाली ठेवलं होतं. "नऊ नाताळ, फेलिज्मिना?"

"दहा."

"आणि मी लिस्बनला पाठवत होते. बहीण शेजारच्यांना वाटायची. म्हणायची, असली चीज शहरात मिळत नाही."

"शहरातूनच येत होती," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने खिडकीतून ते डबे एकेक करून मोजले. मग म्हणाली, "लसूण तरी आपल्या वाफ्यातला होता ना?"

"लसूण माझाच."

"पुढचं सांग." आणि लिहायला लागली. पण तिचं अक्षर बघ, पोरी, कागद दोन ठिकाणी फाटला आहे. तो राग मी ओतलेल्या चरबीचा आहे.

तर तू चमचा घेऊन मडक्याशी वाकलीस, त्या नाताळात, तेव्हा मी तिथेच होते. चुलीपाशी. तोंड उघडलं होतं. पण टेबलाशी झुल्मिरा पाव खात बसली होती, आणि तू तिला सांगत होतीस, "बघा, आमच्या आजीची चरबी विद्यापीठात जाणार." मी तोंड मिटलं. वाटलं, दोन चमचे तर आहेत, यंत्राला काय कळतंय.

यंत्राला कळलं. दुकानातल्या चरबीने जेवढ्या पेशी आक्रसल्या, माझ्या चरबीने अगदी तितक्याच, असं तू म्हणालीस ना? तितक्याच होणार. दोन्ही बाटल्यांत एकच होतं. सगळ्या प्रयोगशाळेत कोणी खोटं बोललं असेल तर ती चिठ्ठी.

तुझ्या सरांवरचा राग मी मागे घेत नाही, हेही लिहून ठेव. त्यांनी हसायला नको होतं. हसण्याऐवजी आधीच विचारलं असतं की आजीकडे डुक्कर कधी होतं, तर तुझं वर्ष वाचलं असतं. आणि त्या कंपनीवरचा राग तर मी बरोबर घेऊन जाणार आहे, वर गेल्यावर तिथे तक्रार देणार आहे. पण मोजमाप त्यांचं बरोबर होतं. हे त्यांना तोंडावर सांग.

अजून एक आहे. ते सरांसाठी नाही, तुझ्यासाठी. झुल्मिराने ऐकायचं आणि विसरायचं, जे तिला टेलिफोनच्या खोलीत कधी जमलं नाही.

तुझे आजोबा अर्मिंदु. साखर झाली तेव्हा डॉक्टरने सांगितलं होतं, चरबी बंद. मी डॉक्टरला सुनावलं होतं की आमची चरबी बोंडांची आहे, तुमच्या पुस्तकातली नाही. तेव्हा मडक्यात डबा ओतून दोन वर्षं झाली होती. पायाची बोटं काढली त्या हिवाळ्यात ते सकाळी पावावर चरबी लावत होते. ती पसरेना. पाव फाटला. त्यांनी तुकडे जुळवून पुन्हा लावली, पुन्हा फाटला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेलिज्मिना, हे डुक्कर भलतंच ताठ मानेचं होतं वाटतं."

मी म्हटलं, "खा मुकाट्याने."

त्यांनी खाल्लं. रोज खाल्लं. पोरी, त्या माणसाने चाळीस वर्षं डुकरं पाळली होती. त्यांना माहीत नव्हतं असं मला म्हणू नकोस. त्यांना बायकोच्या मडक्याची लाज राखायची होती, आणि मला त्यांच्यासमोरसुद्धा माझी. ते चरबीने गेले, की साखरेने, की ऐंशी वर्षांनी, हे तुझ्या सरांनाही सांगता येणार नाही, आणि मीही त्यांना विचारणार नाही. पण तू त्या खोलीतल्या घंटेचं सांगितलंस ना, वाजतच राहणाऱ्या, तेव्हापासून मला तो पाव फाटलेला दिसतो. ते सांगत होते. मी ऐकत नव्हते.

आता कामाचं. या पाकिटाबरोबर बेर्नार्दिनुचा पुतण्या एक डबी घेऊन येईल. बुधवारी तो तिकडे ट्रक घेऊन निघतो. डबी काचेची आहे, प्लॅस्टिकची नाही. आत त्याच्या डुकरिणीची चरबी आहे. सरांना हवी ती माहिती झुल्मिराने वेगळ्या कागदावर लिहिली आहे: काळी, दीड वर्षाची, ऑक्टोबरपासून तीन महिने ओकांखाली, शनिवारी १९ तारखेला गेली, त्याच दिवशी मी कढवली. खाली बेर्नार्दिनुची सही आहे. त्याला येते. मी समोर बसून करून घेतली, आणि त्याला सांगितलं, एक शब्द खोटा असला तर माझ्यासारखं होशील. तो म्हणाला, "म्हणजे काय होईन?" मी म्हटलं, ते पत्रात आहे, आणि पत्र तुला वाचायला मिळणार नाही.

डबीवर 'आजी' लिहू नकोस. 'बेर्नार्दिनु' लिही. जुन्या बाटलीवरची चिठ्ठी काढ आणि तिथे 'दुकान' लिही. आणि पुन्हा तीन ताटल्या मांड. पेशी धडधाकट राहिल्या तर सरांसमोर हस, पोटभर हस, माझ्या वाटचंही हस. पण आक्रसल्या, तर आक्रसल्या असं लिही. तुझी तीन वर्षं वाया गेली तरी तसंच लिही. बोंडांच्या बाजूने नको, माझ्या बाजूने तर नकोच. आपल्या घरात एका बाईने चरबीबद्दल जितकं खोटं बोलायचं तितकं बोलून झालं आहे.

झुल्मिरा आता उठली आहे. जाताना न विचारता कोथिंबिरीचा एक डबा उचलून घेऊन चालली आहे, सगळ्यात मोठा. मी काही म्हणत नाही. दारातून म्हणते, येत्या नाताळात वाडगा आणणार नाही. मी म्हटलं, आण, बेर्नार्दिनुकडची भरून देईन. ती म्हणते, "बघू, पसरते का." आता मागे फिरून हेही लिहून देते आहे, म्हणजे पूर्ण रागावलेली नाही.

या पत्रावर शाईचा अंगठा नाही. बोट बेर्नार्दिनुच्या चरबीत बुडवून टेकवलं आहे. नुसतं बघितलंस तर दिसणार नाही. खिडकीशी उजेडात धर, तिथे कागद आरपार दिसेल. त्यात मी आहे.

फेलिज्मिना